चौथ्या दिवसानंतर

"हे काय लावालीस?" आत्तीनं विचारलं.

धुण्याच्या दगडामागं उकिडवी बसून मी तेलाच्या रिकाम्या डब्यात माती दाबत होते. डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली होती. मातीत पानवेलीचं एक कांडं खोचलं होतं, दोन पेरं आत आणि दोन बाहेर.

"प्रयोग आहे."

"कसला?"

"वेलीला विचारायचंय, तुला कळतं का म्हणून."

आत्ती पुढं आली आणि दोन हातांवर थांबली. त्या दिवसांत सगळेच माझ्यापासून तितक्या अंतरावर थांबायचे.

"काय कळतं का?"

"मी बाहेरची आहे ते."

"आणि ती सांगणार व्हय तुला?"

"कोमेजली तर सांगितलं. नाही कोमेजली तर तेही सांगितलंच की."

आत्तीनं कपाळाला हात लावला. "नेमूनं तुला सायन्सला घातलं तिथंच चुकलं बघ."

नेमू म्हणजे माझे वडील, अण्णा, नेमगोंडा पाटील. आत्ती त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच कुंकू पुसून परत आली, ती आमच्याच घरी राहिली. सोप्यात बसून पानं निवडायचं काम तिचं. लहान, मोठं, डागाळलेलं, किडकं, अशी पानं तिच्या बोटांखालून पत्त्यांसारखी सरकायची आणि तोंड गावभरच्या गप्पा मारत असायचं.

आमचं गाव मिरजेच्या पूर्वेला. पानमळा अण्णांच्या आजोबांनी लावलेला. बाहेर ऊन रणरणत असताना मळ्यात शिरलं की एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखं वाटायचं. शेवरी आणि हादग्याची उंच झाडं, त्यांच्या अंगावर चढलेल्या वेली, खाली ओली माती, अंधार आणि पानांचा तिखट वास. मळ्यात चप्पल चालत नसे. मोठ्यानं बोललेलं अण्णांना खपत नसे. आणि बाईला अडचण असेल तर तिनं बांधावरसुद्धा पाय ठेवायचा नाही. वेल जळते, असं सगळेच म्हणायचे. जळलेली वेल त्या कारणानं जळलेली कुणी बघितली होती, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. मी खूपजणांना विचारून बघितलं होतं.

नियम सोपा होता. तीन दिवस बाहेर बसायचं. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि आत यायचं. पिढ्यान्‌पिढ्या तो बिनबोभाट चालला होता. माझ्यापाशी येऊन अडला.

मी तेव्हा अकरावीत होते. माझी पाळी आधीपासूनच लहरी होती. तीन-तीन, चार-चार महिने यायची नाही. तेव्हा घरात कुणी काळजी केली नाही, उलट सोयच झाली. बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन देवळातल्या पूजेला, पापड लाटायला, मळ्यात, कुठंही मला बोलवा, मी मोकळीच. काकवा म्हणायच्या, "त्रिशलाचं बरं हाय बाई, कधी अडून बसत न्हाई." मलाही त्याचा थोडा तोरा होता.

त्या उन्हाळ्यात ती आली. चौथ्या दिवशी मी न्हाले. ती थांबली नाही.

"आता?" मी ओले केस पुसत आईला विचारलं.

आई चुलीपुढं होती. तिनं आत्तीकडं बघितलं. आत्तीनं पानांवरून नजर न उचलता निकाल दिला, "न्हाली न्हवं? मग झालं की. दिवस भरलं."

"पण चालूच हाय तिचं," आई हळू आवाजात म्हणाली.

"नेमात काय म्हटलंय? चौथ्या दिवशी न्हायचं."

"आक्का, वेल काय कॅलेंडर बघती व्हय?"

"मग काय बघती?"

मीही मान वर करून वाट बघत राहिले. हाच तर मुद्दा होता. वेल दिवस बघते की रक्त? दिवस बघत असेल तर मी आत जायला हरकत नव्हती. रक्त बघत असेल तर ज्यांचं पाचव्या दिवशीही थोडं चालू राहतं त्यांचं काय? त्या इतकी वर्षं जातच होत्या ना?

"आई, सांग की. काय बघते?"

"मला काय ठाऊक!" आई एकदम तडकली. "तू बाहेर बस. बास."

इतकं तडकण्यासारखं मी काय विचारलं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी परसात येऊन बसले आणि डब्याची कल्पना तिथंच सुचली. आमच्या जीवशास्त्राच्या बाई म्हणायच्या, प्रयोगात तुलनेला दुसरा नमुना लागतो. म्हणून मी आत्तीला म्हटलं, "एक डबा तुझाही हवा. माझ्या डब्याला फक्त मी पाणी घालणार. तुझ्याला फक्त तू. बघू कुणाचा जगतो."

आत्तीचं वय पन्नाशीपुढं. तिचा सगळा विटाळ कधीच सरला होता. माझ्या प्रयोगाला तिच्याइतकं शुद्ध माणूस गावात मिळालं नसतं.

"पैज?" तिनं विचारलं.

"पैज."

"माझ्या डब्याला तू हात लावायचा न्हाईस."

"आणि माझ्या तू."

दोन्ही डबे हादग्याच्या सावलीला शेजारी शेजारी ठेवले. रोज सकाळी आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून पाणी घालायचो. मी मुद्दाम माझ्या वेलीची पानं कुरवाळायची, तिच्याशी बोलायची, तिच्यावर फुंकर घालायची. कळायचंच असेल तर नीट कळू दे.

आईला हे खेळ पसंत नव्हते. "कुणी बघितलं म्हंजे?" म्हणून ती परसाचं दार ओढून घ्यायची. तिची भीती मला माहीत होती. आदल्या वर्षी कालव्यापलीकडच्या चौगुल्यांच्या मळ्यात मर लागली होती. वेली उभ्याच्या उभ्या काळ्या पडल्या. रोग होता तो, दरसाल कुठं ना कुठं येतो. पण त्यांची धाकटी सून अडचण असताना आत गेली होती असं कुणीतरी उठवलं. ती पोरगी माहेरी गेली ती अजून आलेली नव्हती. आता आमच्या मळ्यात दोन वेलींनी जरी माना टाकल्या असत्या तरी लोकांनी पहिलं नाव माझं घेतलं असतं. म्हणून आईनं अण्णांनासुद्धा सांगितलं होतं, की पोरगी अभ्यास कराय लागलीय, बारावीचं पुस्तक आत्ताच आणलंय.

ते उतरणीचे दिवस होते. जुनी वेल झाडावरून सोडवून खाली आणायची, तिचं वेटोळं बुडाशी मातीत पुरायचं आणि नवा शेंडा परत झाडाला बांधत न्यायचा. हाताला हात लागतात. पहाटेच आई आणि अण्णा जायचे, उन्हं कलल्यावर यायचे. मी दगडाशेजारी बसून असायची. आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या घड्या पुरत नव्हत्या. धुवायच्या, वाळत टाकायच्या, त्यावर दुसरं धुणं पसरायचं, आणि त्या वाळायच्या आत पुन्हा लागायच्या. काळ्या गुठळ्या पडायला लागल्या. त्यांचंही मला नवल वाटायचं. हे आलं कुठून? इतकं आत होतं? मी पाणी ओतायच्या आधी वाकून बघायची. भीती नंतर यायची, आधी कुतूहल यायचं. माझा स्वभावच तसा.

मग कानात समुद्रासारखा आवाज यायला लागला. विहिरीपर्यंत जाऊन आलं की धाप लागायची. एकदा मी खडूचा तुकडा खाल्ला आणि फार आवडला.

(माझी लेक शाल्मली उठली म्हणून इथं थांबले होते. आता दुपार आहे, ती माझ्या मांडीवरच झोपलीय आणि एका हातानं लिहितेय. अक्षर तिरकं येतंय, येऊ दे.)

एका संध्याकाळी आई मिरजेहून आली ती पिशवीतून गोळ्यांची पट्टी घेऊन.

"पर्वात बायका घेत्यात न्हवं, ती," ती आत्तीला म्हणाली. आमच्याकडं पर्वाचे, म्हणजे दसलक्षणाचे दहा दिवस बस्तीत जायचं चुकू नये म्हणून पाळी पुढं ढकलायची गोळी सर्रास घेतात. मेडिकलवाल्याला नुसतं 'पर्वाची गोळी' म्हटलं तरी कळतं.

"डॉक्टरला इचारलंस?" आत्तीनं विचारलं.

"डॉक्टरला काय इचारायचं? समद्या घेत्यात."

आणि ती लागू पडली! दोन दिवसांत सगळं कोरडं. आईनं मला घासून घासून न्हाऊ घातलं, तिसऱ्या दिवशी मी मळ्यात. पायाला ती गार माती लागली आणि मला रडूच आलं. अण्णा शिडीवरून म्हणाले, "झाला का अभ्यास?"

"झाला."

"बरं झालं. तुझ्याबिगर ओळ सरत नव्हती."

आईनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. ती हसली की किती लहान दिसायची. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघत होते, हेही तेव्हाच लक्षात आलं.

पट्टी संपली. आईला वाटलं काम झालं. मलाही वाटलं. आणि मग दोन-तीन दिवसांनी, सकाळी उठले तर अंथरूण भिजलेलं होतं. आधीचं ते काहीच नव्हतं असं सुरू झालं. आईनं ते बघितलं, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "असं कसं गं? असं कसं?" मला विचारत होती की गोळीला, कोण जाणे.

मी पुन्हा परसात बसू लागले.

आणि तोवर प्रयोगाचा निकाल लागला होता. माझ्या डब्यातल्या वेलीला एक कोवळं, पोपटी पान फुटलं होतं. आत्तीच्या डब्यातली वेल मान टाकून पडली होती.

मी टाळ्या पिटल्या असत्या, पण आत्तीचा चेहरा बघून हात थांबले. ती डब्यासमोर मांडी घालून बसली होती. खोचलेलं कांडं काळं पडलं होतं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "मला ठाऊकच हुतं. माझा हातच तसला."

"कसला हात?"

"आता तुला काय सांगायचं. म्हणून तर मी खुडायला जात न्हाई, बांधायला जात न्हाई. तोडलेली पानं तेवढी निवडती. तोडलेल्याचं काय वाईट व्हायचं राहिलंय?"

मला वाटायचं तिला गुडघेदुखी आहे म्हणून ती मळ्यात येत नाही. ती तसं सांगायचीही. मला तिच्याजवळ जाऊन तिला धरायचं होतं, पण दोन हातांचं अंतर होतं. मी उठले, अंतर विसरून एक पाऊल टाकलं, आणि हादग्याचं झाड माझ्याकडं वाकत आलं.

डोळे उघडले तर मी अण्णांच्या मांडीवर होते. परसात, धुण्याच्या दगडापाशी. आजवर अण्णा तिथं आलेले मी बघितलं नव्हतं. ती बायकांची जागा. त्या दिवशी ते दुपारीच जेवायला घरी आले होते आणि आत्तीची हाक ऐकून तसेच धावले होते. त्यांचे पाय मळ्यातल्या चिखलानं भरलेले होते. माझं परकर-पोलकं मागून भिजलेलं होतं आणि त्यांच्या धोतरालाही ते लागत होतं. मी सरकायला गेले.

"गप पड."

आई दारात उभी होती. पदर तोंडाशी.

अण्णांनी माझा हात हातात घेतला. अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं. बघत राहिले. पुन्हा दाबलं. मग खालची पापणी ओढून बघितली. वेलीवर रोग आला की पान उलटं करून बघायचे, अगदी तसंच.

"कधीपासून?" त्यांनी आईला विचारलं.

आईनं पदर तोंडावर दाबून धरला.

"अभ्यास हुता न्हवं?"

"चौगुल्यांच्या सुनंचं काय झालं बघितलंत न्हवं तुमी?" आई म्हणाली. आवाज फाटला होता. "उद्या एक वेल सुकली असती तर? तुमी तरी काय म्हटला असता?"

अण्णा इकडंतिकडं बघायला लागले आणि त्यांची नजर डब्यांवर गेली.

"हे काय?"

"प्रयोग," मी म्हटलं.

"तिचा जगला," आत्ती म्हणाली. "माझा मेला."

अण्णांनी बसल्या बसल्या मला सावरत दुसरा हात लांब केला, आत्तीच्या डब्यातलं कांडं उपटलं आणि नाकाशी नेलं. "कुजलंय. आक्का, डब्याला भोकं कुठायत?"

आत्तीनं डबा उलटा केला. बुडाला भोकंच नव्हती. माझ्या डब्याला मी पाडली होती. आत्तीचा डबा तिनं स्वतः भरला होता, पैज म्हणून मला हात न लावू देता.

"पाणी तुंबलं," अण्णा म्हणाले. "दुसरं काय न्हाई."

आत्ती त्या कोऱ्या बुडाकडं कितीतरी वेळ बघत राहिली. बोटानं चाचपून बघितलं. पण कुणाला तिच्याकडं बघायला वेळ नव्हता. अण्णा मला उचलून उभे राहिले होते.

"उद्या सकाळची वडापची जीप..." आई म्हणायला लागली.

"उद्या न्हवं. आत्ता."

"गाडी भरायची राहिलीय पानांची."

"आक्का बघंल," अण्णा म्हणाले. "आक्का, मळ्यात जा. माणसांना सांग काय सांगायचं ते."

"मी? मळ्यात?"

"मग कोण?"

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर मुलाणी म्हणून बाई होत्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलताना पेनानं टेबलावर ठोकायची सवय. रक्ताचा आकडा बघून त्यांनी चष्मा खाली घेतला.

"पाच! ही चालत आली?"

"मी उचलून आणली," अण्णा म्हणाले.

मला दाखल करून घेतलं. रक्ताच्या पिशव्या लावल्या. कुणाचं असेल ते, याचा विचार करत मी त्या लाल थेंबांकडं बघत पडून राहिले. दुसऱ्याच्या अंगातलं रक्त, जातीचं, गावाचं, बाईचं की बाप्याचं, काहीच माहीत नाही, आणि माझ्या हातात येऊन गपगुमान माझं व्हायला लागलंय. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "झोप गं, डोकं जरा गप ठेव."

पोटाची सोनोग्राफी झाली, आणखी तपासण्या झाल्या. गुलाबी रंग ओठांवर परत यायला लागला, त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा तिघांना खोलीत बोलवलं. खुर्च्या दोनच होत्या. अण्णा भिंतीशी उभे राहिले.

डॉक्टरांनी माझ्या गळ्यावर बोट ठेवलं. "इथं एक ग्रंथी असते. थायरॉईड. तुझी सुस्त पडलीय. ती सुस्त पडली की अंगातली बाकीची गणितं बिघडतात. अंडं वेळेवर सुटत नाही. मग पाळी येत नाही, येत नाही, आतलं अस्तर साठत राहतं. आणि एकदा सुटलं की थांबायचं नाव नाही."

"म्हणजे आधी यायची नाही आणि आता थांबत नाही, हा एकच आजार?" मी विचारलं.

"एकच."

"आणि ती पर्वाची गोळी?"

डॉक्टर हसल्या. "पर्वाची! ती धरून ठेवते. सोडली की खाली येणारच. गोळी वाईट नाही, मीही देते. पण का थांबत नाही हे न बघता दिली की असं होतं."

आईनं मान खाली घातली.

"थंडी वाजायची? उन्हाळ्यातसुद्धा?"

"हो! सावलीला बसले तर वाजायची."

"केस गळायचे?"

"हो. पण तुम्हाला कसं कळलं? आणि खडू खावासा वाटणं पण त्यातलंच?"

"ते रक्त कमी असल्यानं. पाटील, हिला मेडिकललाच घाला तुम्ही." त्यांनी पेन ठोकलं. "आता मला एक सांगा. हे बऱ्याचदा घरातून येतं. घरात आणखी कुणाला असा त्रास? आईला?"

"न्हाई," आई म्हणाली.

प्रश्न संपायच्या आत म्हणाली. डॉक्टरांचं पेन थांबलं. त्या आईकडं बघत होत्या. मीही बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आईला परक्या माणसासारखं बघितलं. गळ्याशी भरीवपणा, तो आम्हाला तिच्या मोहनमाळेमुळं वाटायचा. फिकी नखं. एप्रिलमध्ये अंगभर घट्ट गुंडाळलेला पदर.

"खरं सांगा हं, वहिनी," डॉक्टर म्हणाल्या. "यावर हिचे उपचार ठरतात."

"न्हाई म्हटलं की."

मला ते विचारायचंच होतं असं नाही. मला फक्त जाणून घ्यायचं होतं. ते तोंडातून गेलं.

"आई, तुझं चौथ्या दिवशी थांबायचं?"

"मी न्हायची," आई म्हणाली. "चौथ्या दिवशी न्हायची मी."

"ते नाही विचारलं."

आईनं अण्णांकडं बघितलं. अण्णा भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघत होते, पण कान इकडंच होते. बाहेर कुणीतरी मोठ्यानं नंबर पुकारत होतं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

"कधीच थांबलं न्हाई," ती म्हणाली.

मग एकदा सुरू झाल्यावर तिलाच थांबता येईना. "आठ दिवस. दहा दिवस. ही झाल्यावर तर जास्तीच. कापड आवळून बांधायचं आणि जायचं. उतरणीला माणूस मिळत न्हाई. न्हाले की दिवस भरले, असंच सासूबाईंनी सांगितलं हुतं. मीबी तेच धरलं. कुणी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

"मग मला का बाहेर ठेवलंस?" मी विचारलं. "तुला तर माहीत होतं वेलीला काही होत नाही. मी डबे लावत बसले, आणि तुला माहीत होतं!"

"तुला आत घेतली असती तर शिडीवर चढावं लागलं असतं." आई आता माझ्याकडं बघत होती. "बाहेर हुतीस म्हणून बसलीस तरी. मला कुणी बसू दिलं हुतं? तुझं माझ्यापेक्षा जास्ती हाय हे दिसत हुतं मला. कुणाला काय सांगावं ते कळंना. नेम सांगितला की तुला बसता येत हुतं."

डॉक्टर मुलाणींनी चष्मा काढून पुसला. त्यांनी कागद ओढला, पण लिहायच्या आधी अण्णा भिंतीपासून पुढं आले. माझ्या आठवणीत अण्णा कधी एवढे गोंधळलेले नव्हते. ते आईच्या खुर्चीमागं उभे राहिले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाले, "हिचंबी रक्त तपासा."

आईचाही थायरॉईड निघाला. माझ्यापेक्षा जुना, डॉक्टरांच्या अंदाजानं माझ्या जन्माच्याही आधीचा असावा. तिचं रक्त सातावर होतं. त्याच्यावर ती वीस वर्षं शिडी चढत होती. आम्हा दोघींना सकाळी उपाशीपोटी घ्यायची तीच गोळी मिळाली, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, आणि मला काही महिने पाळी रुळावर आणायच्या वेगळ्या. सकाळची ती गोळी मी अजून घेते. शाल्मलीच्या वेळी डोस वाढवावा लागला होता, एवढंच.

घरी निघालो तेव्हा वडापच्या जीपमध्ये आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. मी खिडकीशी, मधे आई, पलीकडं अण्णा. मिरज मागं पडली तरी अण्णा बोलले नव्हते. आई पुन्हा पुन्हा त्यांच्याकडं चोरून बघत होती. तिला काय वाटत असेल ते मला कळत होतं. मळा म्हणजे देऊळ, हे वाक्य अण्णांचंच.

कालव्याचा पूल ओलांडला तेव्हा अण्णांनी विचारलं, "त्या दिवसांत कुठल्या ओळी बांधायचीस?"

आई गोठल्यासारखी झाली. "का?"

"असंच इचारतोय."

"समद्याच की. निवडून कुठल्या बांधणार?"

अण्णा बोटांवर काहीतरी मोजायला लागले. मग म्हणाले, "चौगुल्यांच्या थोरल्याच्या लग्नाला पानं आपलीच हुती."

"हुती."

"वास्तुशांतीला?"

"तवाबी आपलीच."

"बस्तीच्या पंचकल्याणाला?"

"हुती की हो," आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "समद्या पंचक्रोशीनं खाल्लीत. आता काय करू त्याला?"

अण्णांच्या खांद्यांना कसलातरी झटका बसला. मला वाटलं खोकला आला. ते हसत होते. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो. पुढच्या बाकावरचा म्हातारा वळून बघायला लागला.

"चांगली रंगायची पानं," अण्णा म्हणाले. मग डोळे पुसून एकदम गंभीर झाले. "आता तू मळ्यात यायचं न्हाईस."

आईचा चेहरा उतरला.

"रक्त किती हाय तुझं ते ऐकलंस न्हवं? डॉक्टरीण बाई जा म्हणेस्तोवर घरात बसायचं. दोघींनी."

"आणि बांधणार कोण?"

"मी बांधतो की."

"तुमी?" आईचा आवाज एकदम नेहमीचा झाला, किंबहुना त्याहून वरचा. "तुमची गाठ करकचून बसती. शेंडा जाड व्हाय लागला की तिथंच कापतोय. दरसाल तुमच्या गाठीनं मेलेल्या वेली मी गपचूप सोडवून टाकती. कधी बोलली न्हाई म्हणून!"

म्हातारा आता पुरता वळून बसला होता.

आईनं मांडीवरचा औषधांचा पुडा उचलला. त्याला बांधलेला दोरा दातांनी सोडवला. अण्णांचा हात ओढून घेतला, त्यांचं मधलं बोट सरळ धरलं आणि त्याच्याभोवती दोरा घातला.

"ही वेल," ती म्हणाली. "आता बघा. नीट बघा. आत एवढी जागा सोडायची, की ती वाढली तरी तिला कळलं न्हाई पाहिजे कुणीतरी बांधलंय म्हणून."